कंत्राटी कामाचे पैसे वेळेवर मिळावेत

महोदय,

कुशल तरुणांनी कायम नोकरीची वाट न पाहता स्वतंत्रपणे कामे घ्यावीत, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. सल्ला पटला, पण वसुलीचा विषय त्यात आलाच नाही.

मी जळगाव एमआयडीसीत डाळमिल आणि चटई कारखान्यांच्या कंट्रोल पॅनलची कामे करतो. ऐन सीझनमध्ये पॅनल बंद पडले की मालकाचा फोन रात्री-अपरात्री येतो. बिल पाठवले की मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’. पगारदाराला ठरलेली तारीख असते, पीएफ असतो. आम्हाला तो खर्च दरातच धरावा लागतो, आणि नवखा मुलगा नेमका रोजंदारीच्या हिशेबाने दर सांगून बसतो.

कायदा आमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण त्यासाठी काम घेण्याआधीच ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केलेली बरी. मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायची हिंमत किती जणांची होते, हा भाग वेगळा.

आयटीआयमध्ये वायरिंगसोबत कोटेशन, बिल आणि ही नोंदणीही शिकवावी. ती मोफत आहे, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसते.

– एक वाचक, जळगाव