पाण्याखालचे तेल

वूड्स होल, मॅसॅच्युसेट्स
१४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस व आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, की आमचे यंत्र समुद्र साफ करते का. नाही करत, ते फक्त पाण्यातले तेल मोजते आणि कळवते. तेवढ्यात फोन कटला, म्हणून उरलेले लिहून पाठवतो.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजे धडकली, तेलाचा तवंग आपल्या किनाऱ्यापर्यंत आला आणि अलिबागच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक उरले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेलच. त्याच वर्षी २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन अकरा माणसे गेली, आणि दीड हजार मीटर खोलीवरच्या विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. वरचा तवंग विमानातून दिसत होता. पण सगळे तेल वर येते कुठे? जूनमध्ये इथल्या समुद्र-संशोधन संस्थेचे 'सेंट्री' हे केबलशिवाय, माणसाशिवाय फिरणारे पाणबुडे यंत्र खाली सोडले गेले. सोबत पाण्यातले रेणू जागच्या जागी ओळखणारे उपकरण होते. नागमोडी फिरत, वास काढल्यासारखे पाणी तपासत त्याने सुमारे ११०० मीटर खोलीवर तेलातल्या विरघळलेल्या द्रव्यांचा ३५ किलोमीटरहून लांब पट्टा शोधला. गंमत म्हणजे त्यातले पाणी बाटलीत भरले, तर काळेबिळे नव्हते, स्वच्छच दिसायचे.

माझ्याकडचे यंत्र म्हणजे ग्लायडर, पाण्याखाली तरंगत सरकणारा, त्याहून साधा. त्याला बोटीसारखा गरगर फिरणारा पंखाही नाही. पोटातला पंप थोडे पाणी आत घेतो, की तो जड होऊन बुडतो. तेच बाहेर टाकले, की वर येतो, आणि दोन्ही बाजूंना असलेल्या विमानासारख्या पंखांमुळे खाली-वर होतानाच पुढे सरकतो. वर आला, की शेपटीतल्या अँटेनातून उपग्रहामार्फत आकडे पाठवतो. अतिनील प्रकाशात तेल चमकते, ती चमक त्याचा सेन्सर टिपतो. पण कुजक्या पाल्यापाचोळ्याचे पाणीही थोडे चमकते. गेल्या महिन्यात तीन दिवस तो 'तेल, तेल' म्हणत होता. बाहेर काढून पाहिले, तर काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला होता. मीच ती काच नीट पुसली नव्हती. साहेबांना तसे सांगताना लाज वाटली. तेव्हापासून यंत्राने तेल म्हटले, तरी पाण्याची एक बाटली भरून आणल्याशिवाय मी मान डोलावत नाही.

आता एक काम. पावसाळ्यात आपल्या पुळणीवर डांबराचे गोळे येतात, ते कोणत्या तारखेला आले, वारा कुठला होता, लिंबाएवढे होते की सुपारीएवढे, हे भरती-ओहोटीच्या वहीत लिहून ठेवाल का? यंदाचे जून-जुलैचे आठवत असेल, तर तेही. आईला म्हणावे, गोळ्यांना हात लावू नकोस, पायाला लागले तर खोबरेल तेलाने पुस.

आपला,
सुहास