पिन अजून 220 वरच आहे

प्रिय बंड्या,

दीड वर्ष ना पत्र ना फोन, आणि आज एकदम चार पानं. फेब्रुवारी 2024 मध्ये गीतमालावाले अमीन सयानी गेले त्या दिवशी तुझा नंबर काढून बसलो होतो. तेवढ्यात गॅसवाला आला आणि राहून गेलं ते गेलंच. शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे. प्रकृती ठीक. शुगर आहे, गोळी आहे. अप्पा नव्वदीला टेकले, कानांनी राम म्हटलाय, जीभ शाबूत.

आता मुद्दा. रेडिओ उघडला. वाईचा. तोच.

वाडा रिकामा केला तेव्हा माळ्यावरून तो मी पुण्याला आणला, हे तुला सांगितलं नव्हतं. सात वर्षं आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशिनवर पडून होता. ही म्हणायची, एक तर वाजव नाहीतर विक. निवृत्तीनंतर म्हटलं वाजवू. फिजिक्समध्ये मला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते, त्या जोरावर. (तू अजून म्हणतोस की मी तुझं बघून लिहिलं. मग चार जास्त कसे?)

या छंदात शिरलं की पहिली ताकीद एकच मिळते: थेट प्लग घालायचा नाही. इतकी वर्षं निजलेले फिल्टर कंडेन्सर एकदम 230 व्होल्टला जागे केले तर फुटतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. म्हणून लाकडी फळीवर एक होल्डर बसवला आणि रेडिओच्या आधी सिरीजमध्ये 60 वॅटचा बल्ब लावला, जुना, तारेचा. एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. असा बल्ब शोधायला मला तीन दुकानं लागली. एका पोराने विचारलं, "काका, अंडी उबवायचीत का?"

पण हे सगळं नंतरचं. आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं. त्याला चार स्क्रू, मिळाले तीन. चौथा कुठे गेला हे तुला माहीत आहे. आत झुरळांची अंडी, धुळीचा लोकरीसारखा थर, आणि त्या थरात व्होल्टेजची ती पट्टी, घरात जितक्या व्होल्टची वीज येते त्या आकड्यावर पिन खोचायची. 110, 127, 220, 240. पिन 220 वर.

बंड्या, मी तिथेच फरशीवर बसलो. हिने चहा आणला तो गार झाला. म्हणजे मधल्या पन्नास वर्षांत ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं. दुरुस्तीवाल्याने अप्पांना "आउटपुट गेलाय, नवा ट्रान्झिस्टर घ्या" असं न उघडताच सांगितलं असणार. माझ्या हातची पिन जशीच्या तशी.

तुला आठवतंय तसंच मलाही आठवतं. बुधवार, आठला पाच कमी. दिवे पिवळे पडलेले, रेडिओ सिलोन क्षीण. "कमी आकड्यावर लावलं की जोर वाढतो" हे शहाणपण माझं, पिन 220 वर नेली तीही मीच. झाकण धरायला तू. अप्पांची चप्पल वाजली आणि मी पाणी प्यायला पळालो. तू झाकण आणि स्क्रू हातात घेऊन उभा. सकाळी बातम्यांना अप्पांनी बटण फिरवलं तर रेडिओ मुका. पुढची दोन वर्षं तू गीतमाला पानाच्या टपरीसमोर उभं राहून ऐकलीस. मी घरात बसून तीही ऐकली नाही, कारण घरात रेडिओच नव्हता. आता विनोद वाटतो. तेव्हा नव्हता वाटला.

तर गेले दोन महिने मी रेडिओ दुरुस्त करत नाहीये, तपास करतोय. नीट ऐक, हे तुला कळलं पाहिजे.

पिन 220 वर ठेवून 240 व्होल्ट दिले तर आत सगळीकडे साधारण नऊ टक्के जास्त जातात. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या त्या काचेच्या नळ्यांच्या, तारेला 6.3 व्होल्ट लागतात, तिथे 6.9 मिळणार. एवढ्याने काही मरत नाही. आणि त्या संध्याकाळी वाईत 240 होते कुठे? डायलमागचे दोन्ही दिवे शाबूत निघाले, व्हॉल्व्हच्या तारा शाबूत, मोठा ट्रान्सफॉर्मर शाबूत. मेला फक्त आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्पीकरच्या आधी असतो तो. त्याची केसासारखी प्रायमरी तार तुटलेली.

ती का तुटली? ईएल 84 हा शेवटचा व्हॉल्व्ह उपसला, सिरीज बल्बवर रेडिओ लावला, आणि एक हात पाठीमागे घेऊन (दोन्ही हात आत घालायचे नाहीत, आत अडीचशे व्होल्ट असतात) त्याच्या सॉकेटच्या दोन नंबरच्या पायावर मीटर टेकवला. तिथे शून्य हवं. दाखवत होतं 18. म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचं असं ज्या मेणकागदी कंडेन्सरचं काम, तोच गळत होता. तो गळला की ईएल 84 अधाशासारखा करंट ओढतो, लाल होतो, आणि ओझं आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. हे कंडेन्सर वयाने गळतातच. सगळे.

म्हणजे तू निर्दोष. मी निर्दोष. दोषी, बोटाच्या पेराएवढा कागदाचा सुरळा.

हे कळल्यावर नाचलो असतो. पण रात्री अडीचला जाग आली. त्या रात्री आपण रेडिओ लावला तेव्हा व्होल्टेज पडलेलं होतं. सकाळी अप्पांनी लावला तेव्हा गाव निजल्याने ते चढलेलं असणार, आणि पिन 220 वर. गळका कंडेन्सर कदाचित अजून वर्षभर तग धरून राहिला असता. मग ते नऊ टक्के? आपण गाडी उतारावर ढकलली नाही, पण ब्रेक काढला असेल का? मीटर हे सांगत नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "झोपा आता." बरोबरच आहे तिचं.

तुझ्या मुलीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करून घे, चालढकल करू नकोस. काकूंना नमस्कार. दुकान मुलाकडे दिलंस हे उत्तम.

पुढे सांगतो. कंडेन्सर पासोड्या विठोबापाशी मिळाला, 0.01 मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टचा, भेळेच्या पुडीपेक्षा स्वस्त. आउटपुटची तार एका वाइंडिंगवाल्याने भरून दिली. दुसरा ईएल 84 जुन्या बाजारात, बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, बंगळूरचा. पहिल्या डाखाने बोट भाजलं, दुसऱ्याने टेबल. परवा संध्याकाळी लावला. अर्धा मिनिट काहीच नाही, मग ती घूं. नंतर नुसती खरखर. घरातले एलईडी आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद केले तेव्हा 792 वर पुणे आलं. स्वच्छ. बाई कांद्याचे भाव सांगत होती. मी रडलो, कांद्यामुळे म्हण.

अप्पांना खुर्चीत आणून बसवलं. ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तळवा कॅबिनेटवर ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "तो झाकण काढणारा कुठे असतो हल्ली?"

"इस्लामपूरला," मी म्हणालो.

"हुशार होता," म्हणाले.

सांगायचं होतं रे. तोंड उघडलं होतं. पण मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं, शेजाऱ्यांसकट सगळ्यांना ऐकू गेलं असतं, आणि माझ्या वयाला ते बरं दिसत नाही. हे कारण खोटं आहे, तुला कळतंय.

अजून सिरीज बल्बवरच वाजवतोय, त्यामुळे आवाज बारीक. बल्ब काढून सरळ लावायचा तर आधी पिन 240 वर न्यावी लागेल, इथे सप्लाय 238 असतो. दोनदा चिमटा घेऊन बसलो, हात झाला नाही. अप्पा आहेत तोवर एक बुधवार काढून ये. झाकण मी धरतो.

तुझा,
पळपुटा

ता. क. चौथा स्क्रू सापडला तर खिशात टाक.