सिस्टचं माप पुरेसं नाही

प्रिय सुमे,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. 'उजव्या अंडाशयात 5 सेंमीची चॉकलेट सिस्ट.' बस, एवढंच? अशी सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार; त्यात आतले अवयवही एकमेकांना चिकटू शकतात. पुढच्या महिन्यात दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय, पाळीत शौचाला बसताना जीव जातो, आणि हे तुला कुणी विचारलंसुद्धा नाही! मग जरा थांब.

असे रिपोर्ट मीही लिहिलेत, म्हणून सांगते. सुरुवातीला एकीच्या सिस्टचं माप मी अगदी मिलिमीटरपर्यंत दिलं होतं. दुर्बीण आत गेली तर गुदाशय गर्भाशयाच्या पाठीला घट्ट चिकटलेला. आतड्याचा सर्जन सांगून ठेवलेला नव्हता, बाईंना कल्पना दिलेली नव्हती. काही न करता बाहेर यावं लागलं. त्यांना पुन्हा भूल घ्यावी लागली.

आता सिस्टवर माझा सगळ्यात कमी वेळ जातो. दुधी काचेसारखी ती दिसतेच. मी बघते ते काय हलतंय आणि काय नाही. योनीमार्गातल्या प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीने, गर्भाशयमुख हलकेच ढकलायचं, दुसऱ्या हाताने पोट दाबायचं. सगळं मोकळं असेल तर आतडं गर्भाशयाच्या मागून सुळकन सरकतं. चिकटलेलं असेल तर दोन्ही एकदमच हलतात. अंडाशयही ढकलून बघायचे. कधी ते गर्भाशयामागे एकमेकांना चिकटलेले असतात. त्याला 'किसिंग ओव्हरीज' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला पाळी येत नसावी.

मग या आजाराच्या गाठी. आतड्याच्या स्नायूच्या थरात काळसर जाडी दिसली तर तिची लांबी, खोली आणि गुदद्वारापासूनचं अंतर लिहायचं. गाठ वरवर तासायची की आतड्याचा तुकडा काढायचा, हे सर्जन बरंचसं त्यावरून ठरवतो. 2016 साली 'आयडिया' नावाच्या तज्ज्ञगटाने ही तपासणी कशी करायची आणि कोणत्या शब्दांत लिहायची ते मांडलंय, तरी घाईत फक्त सिस्ट मोजली जाते. किडन्याही बघायला सांग. मूत्रवाहिनी आवळली गेली तर किडनी न दुखता निकामी होऊ शकते.

पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग मात्र सहसा सोनोग्राफीत दिसत नाहीत. तेव्हा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही.

याच आजाराच्या सोनोग्राफीत मुरलेल्या कुणाकडून ऑपरेशनआधी पुन्हा करून घे. आणि प्रोब लागून दुखलं की लगेच 'इथे' म्हण. तुझी दात-ओठ खाऊन गप्प पडायची सवय ठाऊक आहे मला. दुखतं तीच जागा आम्ही शोधत असतो गं.

तुझी,
नीला