बाई, त्या पेन्सिलीच्या खुणांसाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझ्या कादंबरीच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात. "पोरांची घाल, माझं नको," म्हणालात. पोरांची नावं छापली. पण तुम्ही काय केलंत हे कुठंच लिहून ठेवलं नाही तर मला चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र. नाव इथंही घेत नाही. पेठेतल्या लोकांना ओळखायचं ते ओळखतीलच.

शाळेच्या ग्रंथालयात 'किशोर'चे बांधीव अंक तुम्ही कुलपाच्या कपाटात ठेवायचा. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेलं ते मासिक, त्यातले जुने दिवाळी अंक तर हात लावायलाही मिळायचे नाहीत. मला मात्र मे महिन्याच्या सुट्टीत घरी न्यायला दिलेत. तेव्हाच एक गोष्ट बोलून गेला होता: लहान मुलांची पुस्तकं संपली की आपली पोरं एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे जातात, नाहीतर वाचणंच सोडतात, मधल्या वयासाठी मराठीत फार थोडं आहे. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसरी गोष्ट घरातनं आली. आमचे बाबा पाटाकडील तालमीचे कट्टर, काका शिवाजी तरुण मंडळाचे. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की जेवणाच्या ताटावर मॅच. बाकीच्या महाराष्ट्राला आपल्या कोल्हापूरच्या या वेडाची फारशी कल्पना नाही. इथं तालमी कुस्तीच्या, पण त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठाच्या पेठा येऊन बसतात. मी लहानपणापासून तिथं वही घेऊन बसायची. खेळाडूंची चित्रं काढायची आणि शेजारी बसलेली माणसं काय बोलतात ते लिहून घ्यायची. तो नाद अजून आहे. शाहूपुरीतल्या ऑफिसात दिवसभर हिशेब लिहिते, रविवारी वही घेऊन मॅचला जाते आणि पहाटे लिहिते. त्या वह्यांतनंच तेजू आली: चौदा वर्षांची, पेठेतली, गोलकीपर व्हायचं म्हणून हट्टाला पेटलेली.

कादंबरी लिहून झाली, पण प्रकाशकांकडं काही जमेना. एकांनी किशोरांसाठीची कादंबरी खपत नाही म्हणून हस्तलिखित परत पाठवलं. दुसऱ्यांनी छापायचा खर्च माझ्याकडंच मागितला. मी तो द्यायला तयार झाले होते. "पैसे भरून छापशील आणि गठ्ठे पलंगाखाली ठेवशील. आधी ज्यांच्यासाठी लिहिलंयस त्यांना वाचू दे," हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मी पैसे द्यायचा विचारच सोडला.

मग तुम्ही जे केलंत ते मला आजवर कुणी लिहिणाऱ्यानं सुचवलं नव्हतं. हस्तलिखिताच्या झेरॉक्स काढल्या आणि तुमच्या घरी वाचायला येणाऱ्या आठवी-नववीच्या पोरांना वाटल्या. त्यांना अभिप्राय मागितला नाहीत, शुद्धलेखन तपासायला सांगितलं नाहीत, गोष्ट आवडली का असंही विचारलं नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक पेन्सिल दिलीत आणि एवढंच सांगितलंत, "वाचता वाचता जिथं उठावंसं वाटेल, पाणी प्यायला, मोबाइल बघायला, कशालाही, तिथं समासात एक रेघ मारायची."

त्या प्रती परत आल्या तेव्हा आपण तुमच्या सोप्यात बसून सगळ्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. सातव्या प्रकरणात, तेजूची आई तिला समजावते त्या पानांवर, जवळजवळ प्रत्येकाची रेघ होती. उपांत्य सामन्याच्या पानांवर एकही नव्हती. एका पोरीनं रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मग?" आणि एका पोरानं तर संवादच खोडून वर आपला लिहिला होता, "मॅच सुरू असताना एवढं कोण बोलतंय?" मी बराच वेळ त्या पानांकडं बघत होते. कुठल्याही संपादकाकडून मला याहून नेमकं काही मिळालं नसतं. पोरांना मत विचारलं असतं तर ती लाजून "छान आहे ताई" म्हणाली असती. तुम्ही त्यांच्याकडून त्यांचा कंटाळा मागून घेतलात, आणि तो पोरं खरा सांगतात.

ते सातवं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. आई आता समजावत नाही. ती फक्त तेजूचे चिखलाचे मोजे धुते आणि दोरीवर पालथे घालते. जुन्या सामन्यांची हवा कळावी म्हणून तुम्ही मला १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात पाठवलंत. तिथल्या वाचनातनं तेजूच्या आजोबांचा काळ उभा राहिला.

पुढं पुण्याच्या प्रकाशकांनी पुस्तक घेतलं तेव्हाही तुम्ही होता. करार आधी तुम्ही चष्मा लावून वाचलात. "मुदत कुठं लिहिलीय?" हा तुमचा पहिला प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, पण कागदावर स्पष्ट असलेलं बरं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. प्रकाशक भले निघाले, त्यांनी लगेच कलम घातलं. नंतर पानांचा प्रश्न आला. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकदम छापला जाणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा. आपलं पुस्तक सगळं धरून १८३ पानांवर जात होतं आणि अकरा फॉर्म म्हणजे १७६. सात पानं काढायची म्हणजे माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही कपाटातनं त्या झेरॉक्स परत काढल्यात. उरलेल्या रेघा मोजल्या. जी पानं गेली ती त्या रेघांखालचीच गेली आणि आज पुस्तक वाचताना मला एकाही पानाची चुकचुक लागत नाही.

गेल्या महिन्यापासून पुस्तक दुकानांत आहे. ज्यांनी रेघा मारल्या त्या प्रत्येकाला प्रत पोचवली आहे. तुमच्या कपाटासाठी दहा प्रती वेगळ्या काढल्यात, त्याचे पैसे द्यायचा आग्रह कृपा करून धरू नका. तुम्ही पोरांकडून कधी वर्गणी घेतली नाहीत, पुस्तक हरवलं तर दंडही नाही. आता कुणीतरी तुमच्या कपाटात भर घालू दे.

आणि एक विनंती आहे. नवीन कादंबरीची पहिली प्रकरणं दिवाळीनंतर तयार होतील. मागच्या वेळची पोरं आता कॉलेजला गेली, त्यांचं वय आणि कंटाळाही बदलला असेल. आठवीतली नवी पोरं बघून ठेवाल का? पेन्सिली मी आणते.

तुमची विद्यार्थिनी