'सही करा' दाबलं, पुढं काय? मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

"आता कॉम्प्युटरची सेटिंग करत बसायची भानगड नाही," असं नव्या ई-निविदा पोर्टलच्या उद्घाटनाला आपण म्हणालात. टाळ्या आम्हीही वाजवल्या. काल त्याच पोर्टलवर माझी निविदा बुडाली.

मुदत संध्याकाळी पाचची. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, लावलं, 'सही करा' दाबलं. ब्राउझरनं विचारलं, सहीचं ॲप उघडू का? 'उघडा' म्हटलं. मग पानावर नुसतं गोल गोल चक्र. पिन मागणारी चौकट आलीच नाही. पाच वाजले, निविदा बंद.

कारण रात्री सापडलं. सहीची लिंक एचटीटीपीएसनं नव्हे, आपल्या खात्यानं ठरवलेल्या शब्दानं सुरू होते. तो शब्द कुठल्या प्रोग्रामचा, हे विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, बघतं. आपल्याच अपडेटनं ॲप नव्या फोल्डरात टाकलं आणि रजिस्ट्रीत पत्ता जुनाच ठेवला! ॲप उघडलं की नाही, हे ब्राउझर पानाला सांगत नाही. कबूल. पण ॲपनं सुरू होताच सर्व्हरला कळवावं आणि अर्ध्या मिनिटात निरोप आला नाही तर पानानं 'ॲप उघडलं नाही' असं स्वच्छ लिहावं, इतकंही कुणाला सुचू नये?

हेल्पलाइनचा सल्ला तर ऐकाच : अँटिव्हायरस बंद करा, 'नेहमी परवानगी द्या'वर टिक करा. वा! 2022 मध्ये 'फॉलिना' प्रकरणात अशाच एका लिंकचा, विंडोजचं दुरुस्तीचं साधन उघडणाऱ्या एमएस-एमएसडीटीचा, वापर करून वर्डच्या फायलींतून हल्ले झाले. तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टनं रजिस्ट्रीतली ती नोंद पुसायला सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र या, बसा, चहा घ्या.

2015 ला क्रोमनं जावाचं प्लगिन बंद केलं, 2021 ला डिजिटल सहीचं क्लास 2 सर्टिफिकेट गेलं, पुढच्या वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर. दर वेळी खिसा आमचाच. आणि एवढं करून त्या डिजिटल सहीच्या कागदाची प्रिंट काढा, शिक्का मारा, दोन प्रतींत जमा करा! तालुक्यातले निम्मे कंत्राटदार याच चक्रात अडकले असतील. विचारलं की उत्तर ठरलेलं : 'तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम.' आमच्या रस्त्याला खड्डा पडला की दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठरलेली वर्षं फुकट दुरुस्तीची जबाबदारी, आमच्या गळ्यात. पोर्टल बांधणाऱ्याला तो किती वर्षांचा लावलाय, साहेब? की त्याचं बिल निघालं की विषय संपला?

कालचे सर्व्हर लॉग काढा, पाचच्या आतली माझी सहीची विनंती त्यात दिसेल. निविदांचा तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रं, परवा उघडणार आहे. त्याआधी मुदतवाढीचं शुद्धिपत्रक निघालं पाहिजे.

आपला,
एक नोंदणीकृत कंत्राटदार, जि. सांगली