मॅडम, तुम्ही पेन्सिलीने लिहिलेलं माझं नाव

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मला बोलताच आलं नाही. सगळे दोन-दोन शब्द बोलले. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि माझा घसा भरून आला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पणजीतल्या पाटोवरच्या त्या इमारतीत ज्यांनी एक दिवस जरी काम केलंय, ते तुम्हाला ओळखतील.

तुमच्या हाताखाली सचिवीय काम शिकायला येण्याआधी मी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत सहा महिने शिकाऊ होते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय झालं ते मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. आयटीआयमध्ये स्टेनोग्राफी आणि सचिवीय कामाचं शिक्षण घेतलं, मिनिटाला शंभर शब्दांचा वेग गाठला आणि मोठ्या आशेने त्यांच्या दारात गेले. आमच्या बाबांचा खनिजाचा ट्रक २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा उभा राहिला, तो परत धड चाललाच नाही. डिचोलीत अशी घरं कितीतरी. साहेबांच्या केबिनबाहेर बसून काम शिकणारी मुलगी म्हणजे आमच्या घरात केवढी गोष्ट होती!

आणि त्या सहा महिन्यांत मला कुणी नावाने हाक मारली नाही. 'ए ॲप्रेंटिस' एवढंच. हजेरीच्या तक्त्यावरसुद्धा 'ॲप्रेंटिस २'. फोनवर माझं इंग्रजी ऐकून मागच्या टेबलावर हसायचे. मी पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, त्याची मला लाज वाटावी असं वातावरण होतं. आठवड्याच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहायचे, रात्री सातपर्यंत थांबून. सकाळी ते दुसऱ्याच कुणाच्या नावाने सगळ्यांना जायचं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा सांगतो की शिकाऊ म्हणजे प्रशिक्षणार्थी, तो कामगार नाही. कायद्याने हे शिकवण्यासाठी लिहिलंय. त्या लोकांनी त्याचा अर्थ घेतला की हिला शिकवायचीही गरज नाही आणि मोजायचीही नाही. मला अजून राग आहे. तो लपवत नाही.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत, मग इंग्रजी स्पेलिंग विचारलंत, मग वहीत लिहून मला दाखवलंत, 'असंच ना गो?'

पुढे जे शिकवलंत ते सगळं लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही. मुंबईच्या ऑफिसने ३ डिसेंबरला बैठक ठेवली तेव्हा तुम्ही सांगितलंत की जुन्या गोव्याचं फेस्त आहे, इथे सुट्टी असते, हे त्यांना ठाऊक नसणार, आपण आधीच कळवायचं. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा पणजीत आधी खोली मिळते का ते बघायचं आणि मगच पाहुण्याला तारीख द्यायची. साहेबांची डायरी सांभाळणं म्हणजे साहेबांचा दिवस सांभाळणं, हे तुमचं वाक्य. ते मी पाठ केलंय.

पण मला लिहायचंय ते त्या मोपाच्या दिवसाबद्दल.

मुंबईहून संचालक येणार होते. तिकिटावर जीओएक्स लिहिलेलं होतं, म्हणजे पेडण्याचा मोपा विमानतळ. मी ते जीओआय वाचलं आणि गाडी दाबोळीला पाठवली. लहानपणापासून विमानतळ म्हणजे दाबोळीच, हात आपोआप तिकडेच गेला. मोपाचा विमानतळ सुरू झाला २०२३ च्या जानेवारीत. तेव्हापासून असं कुणाकुणाचं झालं असेल, पण माझं झालं ते त्या दिवशी. सकाळी संचालकांचा फोन आला, 'मी बाहेर उभा आहे, गाडी कुठे?' पाठोपाठ ड्रायव्हरदादांचा, 'बाय, हांगा कोण ना.' म्हणजे इथे कुणीच नाही. एक माणूस गोव्याच्या उत्तर टोकाला, दुसरा वास्कोजवळ, आणि मधे मी टेबलाशी थंड पडलेली.

तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात. काय काय केलंत ते मला नीट आठवतही नाही. एवढंच आठवतं की तुम्ही म्हणालात, 'आमच्याकडून चूक झाली, सर.' आमच्याकडून. माझं नाव नाही, ड्रायव्हरदादांचंही नाही. खरं तर दादांची काहीच चूक नव्हती. पण आधीच्या ठिकाणी असतं तर पहिला ठपका त्यांच्यावरच बसला असता, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं.

बैठक दीड तास उशिरा सुरू झाली. मी कोपऱ्यात बसून टिपणं काढली. दुपारी इतिवृत्ताचा मसुदा तयार केला. मान खाली घालून लिहिलं की वाहनाच्या व्यवस्थेतील चुकीमुळे बैठकीला उशीर झाला. आणि वर उपस्थितांच्या यादीत शेवटी माझं नाव असायचं, ते मी काढून टाकलं. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात सभासद 'उपस्थित' असतात आणि बाकीचे 'इन अटेंडन्स'. तोच नमुना तुम्ही आपल्या आढावा बैठकीलाही लावला होतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या ओळीत मला घेतलं होतंत. पण त्या दिवशी मला वाटलं की माझी त्या कागदावर असायची लायकी नाही.

तुम्ही मसुदा वाचलात. पेन्सिल घेतलीत. उशिराचं वाक्य एका रेघेने कापलंत आणि शेजारी लिहिलंत, 'बैठक ११.३० वाजता सुरू झाली.' मग वर गेलात आणि यादीच्या तळाशी तुमच्या त्या गोल अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलंत, स्पेलिंगसकट बरोबर. कागद माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, 'काय ठरलं ते लिहायचं. कोण चुकलं ते इतिवृत्तात येत नाही. आणि तू खोलीत होतीस ना? मग नाव हवं.' बस्स. मग तुम्ही चहाला उठलात.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ओरडा खायची तयारी ठेवली होती, ती तशीच राहिली. त्या संध्याकाळी बस डिचोलीला पोचेपर्यंत मी त्या दोन पेन्सिलीच्या खुणांचाच विचार करत होते. एक कापलेली ओळ, एक वाढवलेली. त्यानंतर मी एकाही तिकिटाचा कोड बोट ठेवल्याशिवाय वाचलेला नाही. भीतीने नाही, तुम्हाला माझ्यामुळे पुन्हा 'आमच्याकडून' म्हणावं लागू नये म्हणून.

मला वाटायचं की मोठ्या ऑफिसात चांगलं वागायला वेळ नसतो. तुम्हाला रोज शंभर मेल, तीन साहेबांच्या डायऱ्या, सतत वाजणारा फोन. तरी तुमच्याकडे वेळ होता. गावात म्हातारी माणसं दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, मग काम विचारतात. ते तुम्ही सातव्या मजल्यावर करत होतात. चपराशी, कुरियरवाला, लिफ्टमधली सफाईची बाय, सगळ्यांची नावं तुम्हाला ठाऊक. त्यांच्या मुलांच्या परीक्षा कधी तेही ठाऊक.

माझा करार संपला तेव्हा जागा नव्हती. कंपनीने नोकरी द्यावी असं काही बंधन नसतं, हे तुम्ही मला आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे धक्का बसला नाही. तुमच्या शिफारसपत्रावर मला म्हापशात काम मिळालं. त्या पत्रात तुम्ही मोपाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. मुलाखतीत मी स्वतःच सांगितलं.

तो मसुदा माझ्याकडे आहे. पक्की प्रत करून झाल्यावर तुम्ही तो फाडायला सांगितला होतात. त्या एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही, माफ करा. आईने तो देवघराच्या खणात ठेवलाय, पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या कव्हरात.

देव बरें करूं, मॅडम. आता तुम्हाला सवड आहे, तर गणेश चवथीला आमच्या गावी, मयेला या. बाबा गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधतात, आई नेवऱ्या करते. तिला तुम्हाला बघायचंय. डिचोलीच्या बसस्थानकावर मी न्यायला येईन.

तुमची,
तुमच्याकडे शिकलेली