स्नेहभोजनाला गाण्यांची वही हवी

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या निरोपाच्या स्नेहभोजनाला गेलो होतो. पुरुषभर उंचीचे स्पीकर, बुफेची रांग, शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. तीन वर्षे एकत्र शिकलेली मुले उभ्या उभ्या जेवून पांगली. फार वाईट वाटले, आणि उप्साला आठवले.

स्वीडनमधले हे विद्यापीठ १४७७ सालचे. मी तिथे दोन वर्षे शिकलो. विद्यार्थ्यांच्या तिथे १३ 'नेशन्स' आहेत. एकेका प्रांतातून आलेल्या मुलांची ही मंडळे सतराव्या शतकापासूनची. आता कुणीही कुठल्याही नेशनमध्ये जाऊ शकतो. त्यांच्या मेजवानीला 'गास्क' म्हणतात. लांबच लांब टेबले, हाताशी गाण्यांची छोटी वही. दोन घास होतात न होतात तोच कुणीतरी गाणे पुकारतो आणि अख्खे दालन गाऊ लागते. मंच नाही, श्रोते नाहीत, बेसूर गाणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. बरीचशी गाणी जुन्या, ओळखीच्या चालींवर विद्यार्थ्यांनीच रचलेली. मला भाषा धड येत नव्हती, तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल कानात बसायची. शेवटचे गाणे सरलेल्या विद्यार्थिदशेचे, मूळ जर्मन. खुर्च्यांवर उभे राहून ते म्हणायचे, आणि त्यानंतर टेबलाशी पुन्हा बसायचे नाही.

गाण्यामागून पेले उंचावतात, त्यांत मद्य असते, हे खरे. मी घेत नाही. माझ्या पेल्यात सरबत असे, त्याने गाण्यात काही उणे पडले नाही. नेशनचे सदस्यत्व २०१० पर्यंत सक्तीचे होते. सक्ती गेली, गास्क चालूच आहेत.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. लग्नाच्या पंगतीत माझे आजोबा आम्हा मुलांना एकेक श्लोक म्हणायला लावत. वाढपी थांबत, श्लोक संपला की सगळी पंगत 'जय जय रघुवीर समर्थ'चा गजर करी. बुजरी मुलेही त्या गजराच्या भरवशावर तोंड उघडत.

महाविद्यालयांनी एवढेच करावे: मुलांना बसवून वाढावे, अर्धा तास स्पीकर बंद ठेवावेत आणि वीस-पंचवीस गाण्यांची वही हाती द्यावी. त्यात ओव्या असोत, कोळीगीते असोत, वसतिगृहात रचलेली विडंबने तर असावीतच. सांगलीतल्या कुठल्याही महाविद्यालयाने मनावर घेतले, तर पहिली वही माझ्या खर्चाने छापून देईन.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली